मागच्या पोर्टातला पेनड्राइव्ह

आधीच सांगतो, माझं शुद्धलेखन कच्चं आहे. ऱ्हस्व-दीर्घाचं आणि माझं कधीच जमलं नाही, आणि मोठे शब्दही मला येत नाहीत. जसं बोलतो तसं लिहितोय. चुकेल तिथे सांभाळून घ्या.

दुकानात बसणाऱ्या माणसाकडे किस्से कसे साठतात ते काय सांगायचं! गिऱ्हाईक वस्तू घेऊन जातं आणि गोष्ट काउंटरवर विसरून जातं. आमच्याकडे तर जास्तच साठतात, कारण आमच्या दुकानात गिऱ्हाईकाला बसवून ठेवायची पद्धत आहे.

दुकान कशेळ्याला, जीप थांबतात तिथून चार पावलांवर. मोबाइल रिपेअरिंग, झेरॉक्स, मेमरी कार्ड, पेनड्राइव्ह. मालक नामदेवतात्या. मी सात वर्षं त्यांच्याकडे आहे. तात्यांचा एक नियम आहे. "तपासल्याबिगर पेनड्राइव्ह पायरी उतरायचा नाय!" आणि तपासायचा तो गिऱ्हाईकासमोरच. त्याला वेळ लागतो, म्हणून दुकानाबाहेर एक बाकडं टाकलंय. त्या बाकड्यावर बसून लोक जे बोलतात, ते मी ऐकत असतो. मला स्वतःला फारसं बोलता येत नाही.

हे किस्से मी फक्त एका माणसाला सगळेच्या सगळे सांगितले. स्वाती मॅडमना. त्यांना एकच गोष्ट सांगायची राहून जात होती. तिच्यावर येतोच.

*

तर तो नियम आला पोशीरच्या एका लग्नामुळे.

तात्यांनी कुठूनतरी दहा पेनड्राइव्ह आणले होते. वर झकास चौसष्ट जीबी छापलेलं. एक व्हिडिओवाल्याने नेला, लग्नाचं सगळं शूटिंग त्यात भरलं आणि कॅमेऱ्याचं कार्ड पुसून टाकलं. आठ दिवसांनी मुलीचे वडील पेनड्राइव्ह घेऊन दुकानात हजर!

"तात्या, हळद हाय. नवरदेव देवळातून निघाला ते हाय. अंतरपाट धरला तिथवर समदं हाय. पुढं नुसतं काळं!"

"एखादी फाइल खराब झाली असंल..."

"ते मला काय ठावं? मला एवढंच सांगा, अक्षता पडल्याच नाय, तर पोरगी नांदायला ठेवू का परत आणू?"

तात्या दोन दिवस जेवले नाहीत नीट. तिसऱ्या दिवशी त्यांच्या बदलापूरच्या भाच्याने फोनवर एका टूलचं नाव सांगितलं. नाव कसलं, नुसती अक्षरं आणि आकडा. आम्ही त्याला 'टेस्टवाला' म्हणतो. टेस्टवाला काय करतो, तर ड्राइव्हमध्ये काठोकाठ फाइली भरतो आणि मग पहिल्यापासून एकेक वाचून बघतो, की ठेवलं तेच परत मिळतंय का. खोट्या ड्राइव्हची लबाडी तिथेच उघडी पडते. कारण खोटा ड्राइव्ह कशालाच नाही म्हणत नाही. आत जागा आठची असली तरी चौसष्टचा माल मुकाट घेतो. फाइलींची नावंसुद्धा दाखवतो. उघडायला गेलं की आत काही नाही.

तात्यांना पटेना. "एवढं काम करतो आणि फुकट? काय तरी घोळ हाय."

त्यात ते टूल उघडलं तर समोर दोन बटणं, एक जर्मन आणि एक इंग्रजी. तात्या म्हणाले, "आणि आपलं कुठं हाय?"

मी इंग्रजीचं दाबलं. मला रिपोर्टातले दोनच शब्द लागतात, ओके आणि लॉस्ट. पोशीरच्या लग्नाचा ड्राइव्ह लावला. दुपारभर चाललं. शेवटी आलं, साडेसात जीबी ओके, बाकी लॉस्ट. उरलेले नऊही तसेच निघाले. तात्यांनी चपला काढल्या आणि मॉनिटरला हात जोडले.

"ज्यानं केलं असंल त्याची पोरंबाळं सुखात राहू दे रं बाबा!"

*

हे गिऱ्हाईकाला समजावणं अवघड असतं. वरच्या पाड्यावरचे एक आजोबा नातवासाठी पेनड्राइव्ह घ्यायला आले. भजनं भरून पाहिजे होती. तास झाला, दीड तास झाला. आजोबा म्हणाले, "नवा कोरा हाय ना? मग आजारी कसा पडला?"

तात्यांनी मोबाइल बाजूला ठेवला. "आजारी नाय बाबा. पायलीनं भात मोजता का नाय? एखाद्यानं पायलीला आतून खोटा बूड मारला, तर वरून पायली दिसंल, आत निम्मंच मावंल. ते आमी बघतो."

आजोबा बाकड्यावरून उठले. मग काउंटरवर वाकून ड्राइव्हकडे बारकाईने बघत म्हणाले, "म्हंजे यो आमच्या भाताच्या व्यापाऱ्याचाच पोरगा म्हणायचा!"

*

आता माझी चूक सांगतो. टेस्टवाल्याला वेळ लागतो म्हणून मी एक दुसरं टूल आणलं. तेही फुकट. पाच मिनिटांत निकाल! फक्त आधीचा माल पुसून टाकतं, असं बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं. इंग्रजीत. मी ओके आणि लॉस्ट शोधत राहिलो.

त्याच दिवशी गावातल्या एका पुढाऱ्याचा माणूस पेनड्राइव्ह घेऊन आला. "प्रिंटिंगवाल्याकडं उघडत नाय, जरा बघ." त्यात साहेबांच्या वाढदिवसाचे सगळे बॅनर होते. मी पाच मिनिटांत तपासून दिला. ड्राइव्ह एकदम ओके. आणि एकदम रिकामा!

वाढदिवसाला नाक्यावर एकही बॅनर नाही. साहेबांचा माणूस येऊन मला काय काय बोलला ते लिहीत नाही. मी मान खाली घालून उभा. तो गेला आणि अर्ध्या तासाने विरोधी पार्टीचा एकजण गरम वडापावची पुडी घेऊन आला.

"निलेशभाऊ कोण इथं? लय चांगलं काम करता तुमी!"

तात्यांनी ते टूल त्याच दिवशी काढायला लावलं. वडापाव मात्र खाल्ले.

*

स्वाती मॅडम पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांच्या पिशवीत बारा पेनड्राइव्ह होते. त्या कडावच्या. एका संस्थेत कामाला. डोंगरातल्या ज्या वाड्यांवर रेंज नाही, तिथल्या शाळांना त्या धड्यांचे व्हिडिओ भरून देत. शाळेच्या टीव्हीला पेनड्राइव्ह लावायचा आणि पोरांनी बघायचं. एका वाडीला एक ड्राइव्ह.

"एक आधीच दिला होता," त्या म्हणाल्या. "त्यात हातच्याची बेरीज होती. व्हिडिओतल्या बाई म्हणतात, सात आणि पाच बारा, दोन लिहा, आता हा एक घट्ट मुठीत धरा. आणि तिथंच बंद पडला."

"मग?"

"मग काय! मी पंधरा दिवसांनी गेले. एक चिमुरडी मूठ आवळूनच समोर आली. म्हणाली, ताई, आता सोडू का?"

मी हसलो. अनोळखी माणसासमोर मी सहसा हसत नाही.

बारातले दहा खोटे निघाले. मी रिपोर्ट वाचून दाखवला, त्यांनी वहीत लिहून घेतला. मग सहज विचारावं तसं विचारलं, "तुमचं शिक्षण काय झालंय?"

मी म्हणालो, "बारावी."

का म्हणालो माहीत नाही. तोंडातून आलं. त्या म्हणाल्या, "तरीच!" आणि पुढच्या वाडीचं नाव लिहायला लागल्या.

नववीच्या सहामाहीनंतर मी शाळेत गेलेलो नाही. वडील अंथरुणाला खिळले होते, घरी मी थोरला. त्यात काही नवल नाही, बऱ्याच जणांचं असं होतं. पण एकदा तोंडातून बारावी निघाली की ती परत आत घालता येत नाही. त्या दिवसापासून ती दुरुस्त करायची माझी खटपट चालू झाली. मनातल्या मनात!

*

संस्थेने मग चांगले ड्राइव्ह घेतले, पण मॅडमचा विश्वास उडाला होता. प्रत्येक ड्राइव्ह आमच्याकडेच तपासायचा. बुधवारी बाजार असला की त्या यायच्या आणि बाकड्यावर बसायच्या.

आमच्या कॉम्प्युटरला पुढे एक निळा पोर्ट आहे, तो वेगवान. मागे एक जुना आहे, तो बैलगाडी. पुढे पाऊण तासात होणारं काम मागे अडीच तास खातं. मॅडमचा ड्राइव्ह आला की माझा हात आपोआप मागे जायचा.

तात्यांच्या लक्षात आलं. "निल्या, पुढचा पोर्ट बिघडला काय रं?"

"होय तात्या. लूज झालाय."

मॅडम गेल्या. दहा मिनिटांनी तात्यांनी स्वतःचा ड्राइव्ह पुढे लावला आणि भराभर गाणी भरून घेतली. मग चष्म्यावरून बघत म्हणाले, "लवकर बरा झाला, नाय?"

आणखी एक त्यांनी पकडलं. सगळं कशेळं स्वातीताई म्हणायचं. चहावाला ताई म्हणायचा, जीपवाले ताई म्हणायचे, त्या तात्यांच्या निम्म्या वयाच्या, तरी तात्यासुद्धा ताई म्हणायचे.

"निल्या, तू एकटाच मॅडम म्हणतोस. ताई म्हणायला जीभ वळत नाय का रं?"

मी झेरॉक्सचा कागद भरायला आत गेलो. कागद भरलेलाच होता.

*

एकदा दुपारी चौऱ्याण्णव टक्क्यांवर लाइट गेली! अडीच तास पाण्यात. लाइट आली की पहिल्यापासून.

मॅडम म्हणाल्या, "आता हो?"

मी तोंड पाडून म्हणालो, "परत लावावं लागेल." आयुष्यात लाइटवाल्यांचे मी तेव्हा एकदाच आभार मानले.

त्या दिवशी त्यांनी वाड्यांवरच्या पुष्कळ गोष्टी सांगितल्या. एका शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बाई आहेत, दोन लेकरांची आई. पोरं टीव्ही बघायची तेव्हा त्याही चुलीवरून उठून दारात उभ्या राहायच्या. एक दिवस त्यांनी मॅडमना विचारलं, "हे माझं मी शिकले, तर परीक्षा कोण घेईल?" मॅडमनी त्यांचा सतरा नंबरचा फॉर्म भरून दिला. शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसायचं, त्याचा फॉर्म. शाळा सोडल्याचा दाखला लागतो फक्त.

"त्यांचा निकाल लागला त्या दिवशी खिचडी करपली," मॅडम म्हणाल्या. "पण एकानंही तक्रार केली नाही."

मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तुमच्या ओळखीत कुणी असेल तर सांगा. मी भरून देईन."

तेव्हाच सांगायचं होतं. तोंड उघडलंही होतं.

"नाय मॅडम. आमच्यात सगळे शिकलेत," मी म्हणालो.

 स्क्रीनवर हिरवी पट्टी एक टक्का पुढे सरकली. ती मला इतकी हळू कधी वाटली नव्हती.

*

व्हिडिओ भरून झाले की ते चालतात का हेही मी बघायचो. नियम असा की पहिलं मिनिट बघायचं, मधलं बघायचं, शेवटचं बघायचं, झालं. पहिली-दुसरीचे मी तसेच बघितले. तिसरी-चौथीचेही.

एकदा संस्थेने दहावीचे धडे दिले. बीजगणित. मी पहिलं मिनिट बघितलं आणि मग पुढचं बघितलं. व्हिडिओतले सर सावकाश बोलत. एकदा नाही कळलं तर मागे घेता येत होतं. आमच्या वर्गात ते कधी जमलं नव्हतं. मी झेरॉक्सच्या रद्दीवर गणितं सोडवायला लागलो. तात्या बघत होते. त्या तीन दिवसांत आलेली गिऱ्हाइकं त्यांनीच घेतली.

मॅडम ड्राइव्ह न्यायला आल्या. काउंटरवर रद्दीचा गठ्ठा पडलेला. वरच्याच कागदावर माझी गणितं.

"पहिलीचे धडे अर्ध्या तासात तपासले होते ना?"

"हो."

"आणि दहावीला तीन दिवस?"

"फाइली मोठ्या होत्या," मी म्हणालो.

त्यांनी वरचा कागद उचलला. पर्समधून पेन काढून तिसऱ्या गणितात एका वजाच्या चिन्हाचं अधिक केलं आणि कागद होता तिथे ठेवला. तो कागद माझ्याकडे अजून आहे.

*

मग एका बुधवारी तात्यांनी बातमी आणली. इथल्या सगळ्या वाड्यांचं काम संपलं, संस्था आता जव्हारकडच्या शाळा घेणार. "स्वातीताई सोमवारी चालली. पुढल्या येळेला तपासायचं काय ते तपासून घे!"

मी चार दिवस वाक्य पाठ केलं. मॅडम, मी तुम्हाला खोटं बोललो होतो. मॅडम, माझी आठवी झाली आहे. मॅडम, मला सांगायचं होतं. तिन्हीतलं एकही बरं वाटेना.

रविवारी त्या आल्या. एकच पेनड्राइव्ह काउंटरवर ठेवला. त्यावर माझ्याच हाताचं स्टिकर, 'तपासला, ओके'. बारातले दोन खरे निघाले होते, त्यातलाच हा एक.

"हा तपासलाय मॅडम."

"परत तपास." पहिल्यांदाच त्या मला अरेतुरे करत होत्या.

मी ड्राइव्ह उचलला. हात पुढच्या निळ्या पोर्टाकडे नेला. म्हटलं, शेवटच्या दिवशी तरी लबाडी नको.

"तिथं नको," मॅडम म्हणाल्या. "नेहमीच्या ठिकाणी लाव. मागं."

तात्या उठले. म्हणाले, "मी जरा चहा सांगून येतो." चहाची टपरी समोरच आहे. तात्या अडीच तास आले नाहीत.

मी बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला बसलो. आम्ही काय बोललो म्हणाल, तर काहीच नाही. नाक्यावर रोज बसणाऱ्या भेंडी-काकडीवाल्या बाया टोपल्या आवरत होत्या. कडावच्या तीन जीप गेल्या. तिसऱ्या जीपवाल्याने हाक मारली, "ताई, येताव का?" मॅडमनी हातानेच नाही म्हटलं. पट्टी एकसष्टवर होती.

नव्वदवर आली तेव्हा मी उठून उभा राहिलो. बसून सांगता आलं नसतं.

"मॅडम, मी बारावी नाय. वर बारावी लिहिलंय, आत आठवी हाय."

त्या स्क्रीनकडेच बघत होत्या. मला वाटलं ऐकलं नाही, परत सांगावं लागणार.

"निलेश," त्या म्हणाल्या, "इतके खोटे ड्राइव्ह तपासलेस. एकानं तरी कधी स्वतःहून सांगितलं?"

रिपोर्ट आला. ओके.

मी टेस्टवाल्याच्या फाइली पुसल्या, ड्राइव्ह काढायला हात घातला, तर त्या म्हणाल्या, "थांब. त्यात दहावीचं फोल्डर टाक. सगळं."

मी टाकलं. तेही मागच्याच पोर्टातून. मग नेहमीसारखं स्टिकर आणि पेन घेतलं. प्रत्येक ड्राइव्हवर वाडीचं नाव घालायची आमची पद्धत.

"कुठली वाडी लिहू?"

मॅडमनी पिशवी खांद्याला लावली. चौथी जीप येऊन थांबली होती. पायरी उतरता उतरता म्हणाल्या,

"कशेळं लिही."

मी लिहिलं आणि स्टिकर हातात घेऊन उभा राहिलो. जीप नाक्यावरून वळली तेव्हा तात्या टपरीवरून आले. रिकामा ग्लास काउंटरवर ठेवला, स्टिकर वाचलं आणि म्हणाले, "उद्या सकाळी दुकान मी उघडतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आईला पत्र्याच्या पेटीतून माझा शाळा सोडल्याचा दाखला काढायला सांगितला.